बारा कमी

जांबोटीच्या अलीकडं, चावडीचं छप्पर उतरवायला
आम्ही चौघं. रोज सातशे, चहा दोनदा.
खाली ट्रॉलीत भाताचं पिंजर अंथरलंय
बाळंतिणीच्या खाटेसारखं.
चोर्ल्याच्या वाटेवर कुणी रिसॉर्ट बांधूलालेत,
त्यांना पाटीचा दगडच पाहिजे, आणि जुनाच.
शेवाळ असलं तर दगडामागं पाच रुपये जास्त.

फुटका मोजणार नाही, कंत्राटदारानं सांगितलंय.
म्हणून एकेकावर बोटाचं पेर वाजवून बघतो.
बापाची शिकवण :
धड दगड घागरीसारखा बोलतो,
तडकलेला खोकतो.

वळचणीला थोरले, दोघांनी उचलायचे.
वर चढत जाल तसे लहान होतात,
आढ्याजवळ शाळेतल्या पाटीएवढे.
प्रत्येकाला एक भोक, भोकात बाभळीची खुंटी,
प्रत्येक जण खालच्याच्या अंगावर निम्मा निजलेला.
सत्तेचाळीस पावसाळे, आणि लोखंडाचा एक खिळा नाही.

हे सगळे बापानं फोडलेले.
खाण ओढ्यापलीकडच्या माळाला होती,
आता तिच्यात पाणी आहे, पाण्यात म्हशी.
काढल्या काढल्या फोडायचा असतो, अंगात ओल आहे तोवर.
वाळला की हट्टाला पेटतो.
दुपारी ओलं गोणपाट टाकून ठेवायचे,
कणीक झाकावी तसे,
आणि छिन्नी लावायची कडेला, जीव सांभाळून,
भाकरीचा पापुद्रा सोडवतात तशी.

बाप डावखुरा. अख्ख्या खाणीवर एकटाच.

छप्पर चढवायचा हुलगाप्पा वडार.
घरी तेलुगू, संतेत कानडी, बापाशी मराठी,
दगडाशी कुठलीच नाही, नुसता कान.
एका विडीवर दोघांची दुपार निघायची.
मग हिशेबात बारा दगड कमी आले.
बाप म्हणाला, हुलग्यानं विकले.
हुलगाप्पा काहीच म्हणाला नाही,
मजुरी कापून घेतली, छिन्नी पोत्यात टाकली
आणि खालच्या वाटेनं गेला.
तेव्हापासून आमच्या घरात बारा हा आकडा शिवीसारखा.
मी बारावी झालो, तर बाप गावात सांगत फिरला,
पोरगं अकरावीच्या पुढची झालं.

हुलगाप्पाला जाऊन आठ वर्षं.
बाप मातीला गेला नाही.

आज आढं सोडवताना
वरच्या ओळीखाली आणखी एक ओळ लागली.
कामाची नव्हे. पाऊस तिथवर येतच नाही.
तड्यांत राळ भरून, चुना लावून,
कुणीतरी नीट निजवलेली.
वाजवला. खोकला.
पुढचा. खोकला.
मोजले.
सगळ्यांची कड डावीकडं उडालेली.

खालून कंत्राटदार ओरडला,
काय करूलालास रे वर बसून?
म्हटलं, फुटके आहेत.
तर टाक की गटारीत, म्हणाला.
अकरा टाकले. आवाज ऐकवला नाही.

एक टॉवेलात गुंडाळून घरी आणला,
बापापुढं ठेवला.
त्यानं सवयीनं पेर वाजवलं, डाव्या हाताचं.
कान गेलेत त्याचे, गेल्या गणपतीपासून पारच.
चांगला आहे, म्हणाला.
मग अंगठा फिरवत राहिला कडेकडेनं,
डाव्या कोपऱ्याशी आला
आणि तिथून हलेना.
आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
माझ्या बायकोनं दिवा लावला.

ट्रॉली कधी जाणार, त्यानं विचारलं.